नाडी, रक्त आणि साक्ष

बदलीने लखनौस आलेल्या आम्हां मराठी मंडळींस चौक ठाऊक असतो तो चिकनचे कापड आणि अत्तरे यांमुळे. याच परिसरातील झवाई टोला हा हकिमांचा मोहल्ला. हकीम अब्दुल अझीझ यांनी १९०२ साली तेथे युनानी वैद्यकाची पाठशाळा काढली. मेडिकल कॉलेजही १९११ पासून जवळच आहे. मनगटावर बोटे ठेवून आतली अवस्था ओळखण्याची हकिमांची विद्या आणि मेंदूची आजची रंगीत चित्रे यांत आम्हांस एक नाते दिसते : दोन्ही रक्तावरून बोलतात.

तुरिनच्या अँजेलो मोसो याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसास तराजूसारख्या फळीवर निजवून, विचार करताना डोक्याची बाजू जड होते काय, हे पाहिले होते. पुढे १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी दाखविले, की रक्तातील प्राणवायूच्या चढउतारानुसार चुंबकीय प्रतिमा बदलते. मेंदूतील गाठ काढण्यापूर्वी वाचेचे केंद्र कोठे आहे, हे शल्यवैद्यास त्यावरून कळते. हा उपकार लहान नव्हे. मात्र रक्ताचा ओघ वाढतो तो पेशींच्या कार्यानंतर काही सेकंदांनी, आणि चित्रातील एकेका ठिपक्यात लाखो पेशी असतात. २००९ साली अमेरिकेतील संशोधकांनी मेलेल्या साल्मन माशास माणसांची छायाचित्रे 'दाखविली'. गणिताची खबरदारी सोडताच त्याच्याही मेंदूत हालचाल उमटली! त्यांस दाखवायचे होते ते हेच.

येथवर गंमत. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीस खुनाबद्दल जन्मठेप दिली. तपासात तिच्या डोक्यावर विद्युत्-अग्रे बसवून गुन्ह्याविषयीची वाक्ये ऐकविली होती. ती गप्प होती. मेंदूतील लहरी मात्र अनुभवाची आठवण सांगतात, असे तज्ज्ञांनी म्हटले आणि इतर पुराव्यांबरोबर न्यायालयाने तेही ग्राह्य धरले. ही तपासणी रक्ताची नव्हे, विजेची, शंका तीच. स्वतः केलेले आणि चौकशीत वारंवार ऐकलेले, यांतला भेद त्या आलेखाने कसा सांगावा?

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात अशा तपासणीस संमतीवाचून मनाई केली. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा घटनेच्या विसाव्या अनुच्छेदातील हक्क तिने मोडतो, असे ठरले. संमती असली तरी निष्कर्ष स्वतः पुरावा होत नाहीत. त्यांच्या साहाय्याने पुढे जे सापडेल तेवढेच कायद्याप्रमाणे मांडता येते. ती संमती न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नोंदवावी लागते. कोठडीतल्या माणसाची सही किती मोकळ्या मनाने होते, हे आमच्या अधिकारी वाचकांस आम्ही काय सांगावे!