मधुमेह्याचें ताट आणि त्याची थैली

मधुमेह्यानें भात-भाकरी कमी करावी, हा सल्ला आजचा नाहीं. तो देणाऱ्यांपैकीं फार थोड्यांनीं मात्र रोग्याची ऐपत विचारली. गरिबाच्या ताटांत भात-भाकरीखेरीज दुसरें असतें काय? तीच काढून घेतली तर पोट कशानें भरावयाचें, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासांत पुनःपुन्हां उभा राहिलेला दिसतो.

सुश्रुतसंहितेनें तो टाळलेला नाहीं. तिच्या चिकित्सास्थानांत प्रमेहाच्या रोग्याला जुने तांदूळ, जव, गहूं, कोद्रू हीं धान्यें. त्यांच्या जोडीला हरभरा, तूर, हुलगे, मूग. आणि कडू व तुरट भाज्या सांगितल्या आहेत. दूध, दहीं, तूप, उसाचे पदार्थ, पिठाचीं पक्वान्नें व मद्यें वर्ज्य. येथवर तें कोणत्याही पथ्याच्या यादीसारखें आहे. परंतु अध्यायाच्या अखेरीस ग्रंथकार रोग्याच्या थैलीकडे वळतो. मोठ्या धनवंतानें सावे व देवभात यांवर राहावें, आवळा, कवठ, टेंभुर्णी यांचीं फळें खावीं आणि हरिणांच्या सोबतीनें रानांत वस्ती करावी. ज्याला धन नाहीं व आप्तही नाहींत, त्यानें पायांत वहाणा व डोक्यावर छत्री न घेतां, भिक्षेवर निर्वाह करीत, एका गांवीं एकच रात्र राहून, शंभर योजनें किंवा त्याहूनही अधिक चालावें. कोणी शेत नांगरावें, कोणी विहीर खणावी. मात्र रोगी कृश असेल तर त्याला जपावें. औषधांची लांबलचक यादी लिहून देतांना किंमतीचा विचार न करणाऱ्या वैद्यांनीं हा भाग एकदां अवश्य वाचावा. जव, कोद्रू व हुलगे यांतही पिष्ट असतेंच. तेव्हां या पथ्याला पिष्टवर्ज्य म्हणतां येणार नाहीं. पण हीं धान्यें गरिबाच्या घरचीं होतीं, आणि पायपिटीला कवडीही पडत नव्हती.

युरोपांत गोष्ट निराळ्या वाटेनें गेली. १७९७ सालीं जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी शल्यवैद्यानें मधुमेहावरील आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांतील मुख्य उपाय म्हणजे मांस व चरबी यांचा आहार. पुढें पॅरिसमध्यें आपोलिनेर बूशार्दा यानें गव्हाच्या पिठांतील पिष्ट धुऊन टाकून उरलेल्या चिकट भागाचा पाव करविला. अशा पावाला साध्या पावाच्या कित्येक पट पीठ लागणार हें उघड आहे. मजुराच्या घरीं तो कोठून यावा?

ही तफावत १८६३ सालच्या इंग्लंडांत जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच दुसरीकडे दिसेल. त्या वर्षीं लंडनमधील विल्यम बँटिंग या सुखवस्तु गृहस्थानें स्थूलतेवर एक पुस्तिका स्वतःच्या खर्चानें छापून फुकट वांटली. राजघराण्यांतील अंत्ययात्रांची व्यवस्था त्याच्या पेढीकडे असे. उंची पांच फूट पांच इंच आणि वजन २०२ पौंड, अशी त्याची अवस्था झाली होती. विल्यम हार्वे या वैद्यानें पॅरिसमध्यें क्लोद बर्नार याचीं मधुमेहाविषयींचीं व्याख्यानें ऐकलीं होतीं. त्यांवरून त्यानें बँटिंगला पाव, लोणी, दूध, साखर, बीअर व बटाटे सोडावयास सांगितलें. वर्षभरांत ४६ पौंड वजन उतरलें. पण ताटांत आलें काय? सकाळीं चार-पांच औंस मांस, दुपारीं पांच-सहा औंस, रात्रीं पुन्हां तीन-चार औंस, आणि जेवणाबरोबर उत्तम क्लॅरेट किंवा शेरी!

त्याच वर्षीं डॉ. एडवर्ड स्मिथ हे सरकारच्या वतीनें शेतमजुरांच्या घरांतील अन्नाची पाहणी करीत होते. माणशीं आठवड्याला सुमारें बारा पौंड पाव आणि मांस अवघें एक पौंड, असा त्यांचा हिशेब निघाला. तें मांसही बहुधा कमावत्या पुरुषाच्या वांट्यास जाई. बायको व मुलें पाव आणि चहावर दिवस काढीत. म्हणजे बँटिंग एका दिवसांत जेवढें मांस खाई, जवळजवळ तेवढ्यावर मजुराचा आठवडा जाई. त्याच्या हातीं ही पुस्तिका पडली असती तरी तिचा उपयोग काय झाला असता?

सात वर्षांनीं युद्धानें हाच प्रयोग एका सबंध शहरावर लादला. १९ सप्टेंबर १८७० पासून २८ जानेवारी १८७१ पर्यंत प्रशियन सैन्यानें पॅरिसला वेढा घातला होता. श्रीमंतांच्या पंगतींत प्राणिसंग्रहालयांतील हत्तींचें मांस आलें. गरिबांनीं उंदीर खाल्ले. जानेवारींत माणशीं ३०० ग्रॅम पावाची मर्यादा ठरली, आणि त्या पावांत कोंडा व गवताची भेसळ होती. या उपासमारींत आपल्या मधुमेही रोग्यांच्या मूत्रांतील साखर कमी होते, कित्येकांची तर नाहींशी होते, असें बूशार्दाला आढळलें. कमी खा आणि अंग मोडून काम करा, या त्याच्या उपदेशाला त्यानें बळकटी आली. पण त्याच हिवाळ्यांत थंडीनें व भुकेनें पॅरिसमधील लहान मुलें व म्हातारीं माणसें मोठ्या संख्येनें दगावलीं, हें विसरतां येत नाहीं.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत न्यूयॉर्कच्या डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनीं उपासालाच शास्त्राचें रूप दिलें. भाज्या तीनदां उकळून दर वेळीं पाणी फेकून द्यावयाचें, म्हणजे त्यांतली उरलीसुरली साखरही निघून जाई. हें पथ्य स्वस्त होतें खरें. पण त्यानें मूल वाढत नसे, त्याचें मरण फक्त लांबत असे. सुश्रुतानें ज्याला जपावयास सांगितलें तो कृश रोगी येथें उपाशीं निजला होता.

डिसेंबर १९२१ मध्यें टोरोंटोच्या सार्वजनिक रुग्णालयांत लिओनार्ड थॉम्प्सन हा मुलगा दाखल झाला, तेव्हां त्याचें वजन ६५ पौंड होतें. त्याचे आईबाप गरीब. खाट धर्मार्थ वॉर्डांतली. ११ जानेवारी १९२२ रोजीं त्याला इन्शुलिनची पहिली सुई टोंचली. ती अशुद्ध निघाली. कॉलिप यांनीं शुद्ध केलेल्या अर्कानें २३ जानेवारीपासून साखर झपाट्यानें उतरली. फ्रेडरिक बँटिंग (वरील पुस्तिकाकर्त्याहून हा निराळा), बेस्ट व कॉलिप यांनीं पेटंटाचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकीं एक डॉलर घेऊन दिले. लिओनार्ड पुन्हां पोटभर जेवूं लागला आणि १९३५ पर्यंत जगला.