तळटीप : टेक्सासमधील काउंटी आणि नवे न्यायालय

लेखकाने ‘न्यायालय मंजूर झाले’ एवढेच म्हटले आहे. पैशांची बाजू सांगायला हवी. टेक्सासमध्ये जिल्हा न्यायालय निर्माण करते राज्याचे विधिमंडळ, आणि न्यायाधीशाचा मूळ पगारही राज्यच देते. बाकीचा बहुतेक भार काउंटीवर, म्हणजे मुख्यतः घरजमिनीच्या करावर पडतो: दालन, लघुलेखक, बेलिफ, कारकून, ज्युरींचा भत्ता (पहिल्या दिवशी किमान २० डॉलर, यातला काही भाग राज्य परत करते). खरी मेख वकिलाच्या बिलात आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या गिडियन निकालापासून गंभीर गुन्ह्यातल्या गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील द्यावाच लागतो, आणि इथे ते बिल बहुतांशी काउंटीच भरते. तरीही न्यायालय नाकारून पैसे वाचतात, हे मला पटत नाही. खटले रखडले की जामिनाची ऐपत नसलेला माणूस निकालाविना तुरुंगात खितपत पडतो, आणि त्या तुरुंगाचा खर्चही काउंटीच्याच माथी येतो. — संपा.