पावसाळी कुरण आणि घोड्याचे पचन

मृगाचा पाऊस झाला की दोन-तीन आठवड्यांत माळराने हिरवी होतात आणि उन्हाळाभर कडब्यावर व वाळल्या गवतावर राहिलेल्या घोड्याला कुरणात मोकळे सोडण्याचा मोह मालकास होतो. आषाढी एकादशीनंतर चातुर्मासात लग्नसराई थांबत असल्याने वरातीच्या घोड्यांनाही याच सुमारास काम नसते. श्रम कमी आणि चारा मुबलक असा हा काळ आहे. पोटशूळ आणि खुरांचा दाह या दोन गंभीर विकारांचा धोका नेमका याच वेळी वाढतो. एका घोड्यावर ज्या कुटुंबाची गुजराण चालते, त्याच्या दृष्टीने ही बाब साधी नाही; खुरांचा तीव्र दाह झालेले जनावर पुष्कळदा पूर्वीसारखे कामास उरत नाही.

अपायाचे मुख्य कारण चाऱ्यातील बदलाचा वेग हे होय. ते समजण्यासाठी घोड्याच्या पोटाची रचना पाहावी लागते. गाय-म्हशीच्या पोटात चारा कुजवून पचविणारे सूक्ष्मजीव पहिल्याच कप्प्यात असतात. घोड्यात मात्र ते आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे आंधळ्या आतड्यात व मोठ्या आतड्यात असतात. पूर्ण वाढ झालेल्या घोड्याचे जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचे असते, तर एकट्या आंधळ्या आतड्याची क्षमता २५ ते ३० लिटर भरते. वाळला चारा पचविणाऱ्या सूक्ष्मजीवांची वस्ती नव्या चाऱ्याला सरावण्यास सुमारे २ ते ३ आठवडे घेते. कोवळ्या गवतात तंतू कमी आणि साखर अधिक असते. ती एकाएकी मोठ्या प्रमाणात आली, तर लहान आतड्यात न पचलेला भाग पुढे सरकतो, तेथे वेगाने आंबतो आणि आम्लता वाढते. तंतू पचविणारे सूक्ष्मजीव मरू लागतात, त्यांच्यातील विषारी द्रव्ये रक्तात उतरतात, वायू साचतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटातील ताणाला वरून वाट मिळत नाही.

खुरांच्या दाहाविषयीची समजूत गेल्या काही वर्षांत बदलली आहे. पूर्वी सारा दोष आतड्यातील आम्लतेकडे दिला जाई. मात्र २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथील संशोधकांनी निरोगी तट्टांच्या रक्तातील इन्सुलिन दीर्घकाळ वाढते ठेवले, तेव्हा केवळ त्यानेच खुरांचा दाह उद्भवल्याचे आढळले. त्यामुळे मानेवर चरबीची कड चढलेले, थोड्या चाऱ्यावरही लठ्ठ होणारे तट्टू हे अधिक जोखमीचे मानले जाते. दिसायला ते गुटगुटीत असते, एवढेच.

गवताची प्रकृतीही सर्वत्र सारखी नसते. दख्खनच्या माळावरील मारवेल, पवना यांसारखी उष्ण प्रदेशातील गवते जादा साखर मुख्यतः पिष्टाच्या रूपात साठवितात. काश्मीर-हिमाचलच्या थंड कुरणांतील गवते ती फ्रुक्टान या द्रव्याच्या रूपात साठवितात. हे द्रव्य लहान आतड्यात जवळजवळ पचत नाही आणि थेट मागच्या आतड्यात जाऊन आंबते. म्हणून थंड प्रदेशातील वसंताचे गवत अधिक धोक्याचे. जम्मूच्या सखल भागातून उन्हाळ्याच्या सुरुवातीस वर निघणारे बकरवाल आपली घोडी-खेचरे घेऊन कित्येक आठवडे चालत उंच कुरणांवर पोहोचतात. या संथ वाटचालीत चारा टप्प्याटप्प्याने बदलत जातो आणि सूक्ष्मजीवांना सवड मिळते. ट्रकमधून एका रात्रीत नेलेल्या घोड्यास ती मिळत नाही.

एकाच जागी असलेल्या घोड्याला ही सवड मालकाने द्यावयाची असते. पहिल्या दिवशी साधारण १५ मिनिटे चरू द्यावे आणि रोज तितकाच वेळ वाढवीत जावे, म्हणजे पंधरा-सोळा दिवसांत चराई चार तासांवर येते. सोडण्यापूर्वी कडबा किंवा वाळले गवत खाऊ घालावे. उपाशी घोडा अधाशासारखा चरतो. गवतातील साखर दिवसभराच्या उन्हाने वाढत जाऊन दुपारी उशिरा सर्वाधिक होते, म्हणून पहाट ते सकाळचा पहिला प्रहर चराईस बरा. थंड प्रदेशात रात्री हिम पडले असल्यास मात्र ही सकाळही टाळावी. काम नसलेल्या घोड्याची चंदी कमी करावी. लठ्ठ तट्टास जाळीची मुसकी बांधून सोडणे हा उपाय अनेकांना निष्ठुर वाटतो. प्रत्यक्षात पाणी पिता येईल आणि थोडेथोडे गवत ओढता येईल अशी मुसकी त्याच्या हिताचीच असते.

या दिवसांत लीद रोज पाहावी. ती किंचित सैल व हिरवट होणे स्वाभाविक आहे. पातळ झाली तर चराईचा वेळ मागे घ्यावा. घोडा जमीन उकरतो, वळून कुशीकडे पाहतो, घाम येऊन लोळतो, लीद टाकत नाही, ही पोटशूळाची लक्षणे होत. विसाव्यातील घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात; ते ६० च्या वर गेल्यास पशुवैद्यकास बोलाविण्यात क्षणाचाही विलंब नको. तोवर चारा बंद ठेवावा. नळीने वा बाटलीने तेल किंवा काढा पाजण्याची रीत अजून पुष्कळ ठिकाणी आहे, ती घातक आहे, कारण द्रव श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाचा दाह होतो. खूर गरम लागणे, खुराच्या वरच्या बाजूची नाडी जोराने उडणे, पुढचे पाय लांब टाकून भार मागे घेणे ही खुरांच्या दाहाची चिन्हे होत. अशा घोड्यास मुळीच चालवू नये, मऊ अंथरुणावर उभे करावे.

दिवाळीनंतर कुरणे वाळतात तेव्हा हाच क्रम उलट दिशेने पाळावा लागतो. ओल्या गवतात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते. ते बंद होऊन कोरडा कडबा सुरू झाला आणि पाणी पिणे वाढले नाही, तर आतड्यात चारा अडकून पोटशूळ होतो. त्यामुळे त्या आठवड्यांत स्वच्छ पाणी सतत समोर असावे आणि मिठाचा खडा चाटावयास ठेवावा.