लाल ठिपका आणि समोरचा माणूस

१९८४ साली आलेल्या ‘द टर्मिनेटर’ या चित्रपटात भविष्यातून आलेला यंत्रमानव लॉस एंजेलिसमधल्या बंदुकीच्या दुकानात शिरतो आणि लेसर लावलेलं पॉइंट फोर फाइव्ह कॅलिबरचं लांब पिस्तूल मागतो. इथली कुठलीही वस्तू घराच्या रक्षणासाठी उत्तम, असं दुकानदार त्याला कौतुकानं सांगतो. पुढच्या काही वर्षांत खऱ्या दुकानांतही जवळपास याच शब्दांत लेसर विकला जाऊ लागला. सिनेमातली ती वस्तू अमेरिकेतल्या सामान्य घरात कशी पोचली आणि तिथे तिनं काय केलं, याचा हा इतिहास आहे.

मुळात लेसरची गरज का वाटली? पिस्तुलानं नेम धरणं अवघड असतं, कारण त्याची नळी आखूड असते. नळीच्या टोकाशी असलेली माशी आणि मागची खाच यांच्यात जेमतेम पंधरा सेंटिमीटर अंतर असतं. माशी खाचेत एक मिलिमीटर जरी सरकली, तरी पंचवीस मीटरवर गोळी सुमारे सतरा सेंटिमीटर बाजूला जाते. त्यात डोळ्याची अडचण आहे. खाच, माशी आणि लक्ष्य या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या अंतरावर असतात आणि डोळा एका वेळी एकच स्पष्ट पाहू शकतो. म्हणून उस्ताद शिकवतात: माशी स्पष्ट बघा, लक्ष्य धूसर राहू दे. मैदानावर हे जमतं. पण जिवावर बेतलं की माणूस माशीकडे बघत नाही; तो भीतीच्या कारणाकडे बघतो.

यावरून विसाव्या शतकात दोन पंथ पडले. शांघायच्या म्युनिसिपल पोलिसांत उमेदवारी केलेल्या फेअरबेर्न आणि साइक्स या दोघांनी १९४२ साली पुस्तक लिहून सांगितलं, की हातघाईच्या अंतरावर माशीच्या फंदात पडू नका. बोट दाखवावं तसं पिस्तूल दाखवा आणि चाप ओढा. उलट अमेरिकेत जेफ कूपर यांनी दोन्ही हातांनी पिस्तूल धरून, क्षणभर का होईना, माशी पाहण्याचा आग्रह धरला. १९७६ साली त्यांनी ॲरिझोनात काढलेल्या शाळेतून हीच पद्धत पसरली. लेसरनं या भांडणात तिसरा मार्ग दाखवला: नजर माणसावरच ठेवा, नेम कुठे लागलाय ते त्याच्या अंगावरच दिसेल.

लेसरचा जन्म मात्र नेमबाजीसाठी झाला नव्हता. १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियातल्या ह्यूज प्रयोगशाळेत माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढला. त्याच वर्षअखेरीस बेल प्रयोगशाळेत हीलियम-निऑन वायूचा लेसर तयार झाला आणि १९६२ साली त्यातून दृश्य लाल किरण मिळाला. पण या लेसरला काचेची नळी लागे आणि ती पेटवायला हजारो व्होल्टचा दाब. ‘टर्मिनेटर’साठी लेझर प्रॉडक्ट्स या कंपनीनं (हीच पुढे शुअरफायर झाली) जे पिस्तूल तयार केलं, त्यावर अशीच नळी बसवलेली होती. वीज मात्र पिस्तुलात मावेना. म्हणून बाहीतून वायर नेऊन ती जाकिटात लपवलेल्या बॅटरीला जोडली आणि बटण नटाच्या दुसऱ्या हातात दिलं. पडद्यावर भविष्यातलं वाटणारं ते शस्त्र प्रत्यक्षात वायरीनं बांधलेलं होतं.

ही वायर तोडली लेसर डायोडनं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात दृश्य लाल प्रकाश देणारे, तांदळाच्या दाण्याहूनही लहान डायोड बाजारात आले आणि घड्याळाच्या सेलवर चालणारा लेसर शक्य झाला. १९९४ साली ओरेगनमध्ये स्थापन झालेल्या क्रिमसन ट्रेस कंपनीनं लेसर थेट मुठीच्या फळीत बसवला. बटण बोटाखाली, पिस्तूल घट्ट धरलं की ठिपका उमटतो. पुढे हिरवे लेसर आले. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असल्यामुळे तेवढ्याच शक्तीचा हिरवा ठिपका लालपेक्षा सुमारे चौपट उजळ दिसतो. तरीही भर उन्हात तोसुद्धा फिका पडतो.

लेसरच्या आणखीही मर्यादा आहेत. किरण सरळ जातो, गोळी मात्र हळूहळू खाली येते. शिवाय लेसर नळीच्या थोडा खाली किंवा बाजूला असतो. समजा, तो तीन सेंटिमीटर खाली आहे आणि दहा मीटरवर गोळीशी जुळवला आहे. मग वीस मीटरवर तो तितकाच वर गेलेला असतो. हातघाईच्या अंतरावर हा फरक नगण्य. पण नवशिक्या माणूस थरथरणारा ठिपका स्थिर व्हायची वाट पाहत बसतो, तो वेळ नगण्य नसतो.

लेसरचा निर्विवाद उपयोग झाला तो सरावात. पिस्तूल रिकामं करून, पुन्हा तपासून, सुरक्षित भिंतीवर ठिपका टाकायचा आणि चाप ओढायचा. हात एक अंश जरी कलला, तर सात मीटरवरच्या भिंतीवर ठिपका बारा सेंटिमीटर उडी मारतो. उजव्या हाताचा माणूस चापाला झटका देतो तेव्हा ठिपका बहुधा खाली डावीकडे पळतो. गोळीच्या आवाजात आणि धक्क्यात जी चूक लपते, ती इथे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये तर २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून छऱ्याच्या पिस्तुलाऐवजी लेसर पिस्तूलच आलं. ऑलिंपिकच्या मूळ नेमबाजीत मात्र पिस्तुलावर लेसर किंवा भिंग चालत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं, ते माशी आणि खाच यांच्यावरच.

स्वसंरक्षणाची गोष्ट वेगळी आहे. विक्रेते सांगत आले, की छातीवर ठिपका दिसला की समोरचा शरण येतो, गोळी झाडावीच लागत नाही. असं घडतही असेल. पण ठिपक्याची भीती वाटायला त्याचा अर्थ ठाऊक असावा लागतो आणि तो दिसावाही लागतो.

१७ ऑक्टोबर १९९२ च्या संध्याकाळी लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज शहरात नागोयाहून शिकायला आलेला सोळा वर्षांचा एक जपानी मुलगा हॅलोविनच्या पार्टीला निघाला होता. अंगात ‘सॅटरडे नाइट फीव्हर’मधल्या नायकासारखा पांढरा सूट. सोबत यजमान घरातला मुलगा. पत्ता चुकून दोघं भलत्याच दारात गेले. घरातली बाई घाबरली, तिनं नवऱ्याला बंदूक आणायला सांगितलं. तो पॉइंट फोर फोर मॅग्नम रिव्हॉल्वर घेऊन आला. त्यावर लेसर होता. त्यानं इंग्रजीत जागच्या जागी थांबायचा हुकूम दिला. पार्टीसाठी आलोय असं सांगत मुलगा पुढे येत राहिला. पाचेक फुटांवरून छातीत गोळी बसली आणि तो मेला.

मे १९९३ मध्ये ज्यूरीनं त्या घरमालकाला निर्दोष सोडलं. पुढच्या वर्षी दिवाणी खटल्यात न्यायाधीशांनी मात्र उलट कौल दिला आणि मुलाच्या आईवडिलांना साडेसहा लाख डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. त्या आईवडिलांनी अमेरिकेतल्या घराघरांतून बंदुका हटवाव्यात म्हणून जपानमध्ये दहा लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या आणि त्या घेऊन ते राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना भेटले.

या घटनेचा दोष लेसरवर टाकता येणार नाही. पाच फुटांवर कोणालाही लेसर लागत नाही आणि तो नसता तरी गोळी तिथेच बसली असती. पण म्हणूनच हा प्रसंग या इतिहासात महत्त्वाचा आहे. पिस्तुलाच्या नेमाचं शतकभर चाललेलं संशोधन एकाच प्रश्नाचं उत्तर देत होतं: गोळी कुठे लागेल? त्या दारात उत्तर हवं होतं ते दुसऱ्याच प्रश्नाचं: हा कोण आहे? तिथे लेसर मुका होता.

जेफ कूपर यांनी शिकवलेल्या सुरक्षेच्या चार नियमांपैकी शेवटचा नियम हाच आहे, की लक्ष्याची आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करा. आज अनेक प्रशिक्षक घरच्या रक्षणासाठी लेसरच्या आधी साधी, हातात धरायची बॅटरी घ्यायला सांगतात. पिस्तुलावर बसवलेली नव्हे, कारण मग उजेड टाकायचा तरी नळी माणसावर रोखावी लागते. बॅटरीच्या उजेडात चेहरा दिसतो, हात दिसतात, पांढरा सूट दिसतो. ठिपक्यात फक्त छातीवरची एक जागा दिसते.