धाराजी : बुडालेला धबधबा आणि माझ्या बाद स्लाइड्स

गेल्या पावसाळ्यात मंडळाच्या बैठकीत मी नर्मदेच्या जुन्या स्लाइड्स दाखवल्या होत्या. चाळीसेक चित्रं होती. मंडळींनी मनापासून कौतुक केलं. शेवटी मागच्या रांगेतून एका काकूंनी विचारलं, "अहो, फोटो सुरेख आहेत, पण यात माणसं कशी नाहीत? तिथे कुणी राहत नव्हतं का?" मी म्हटलं, "पहाटे काढलेत ना, म्हणून." सगळे हसले आणि चहा आला. पण ते उत्तर खरं नव्हतं, आणि ते मला तेव्हाही माहीत होतं. खरं उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून हे टिपण.

देवघरातला बाण

पंचायतनात शाळिग्राम गंडकीचा आणि शंकराचा बाण नर्मदेचा, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. आमच्या इंदूरच्या घरातला बाण धाराजीहून आणलेला, असं आजी सांगायची. धाराजी कुठे, हे तिलाही नीट ठाऊक नव्हतं. "नर्मदा उडी मारते तिथे," एवढंच.

धाराजी म्हणजे देवास जिल्ह्यात, बागलीच्या पुढे, नर्मदेच्या उत्तर काठावरचं ठिकाण. धावडी कुंड असंही त्याला म्हणत. सपाट पसरलेली नर्मदा इथे खडकांच्या फटींतून एकदम बारा-एक मीटर खाली कोसळायची. खाली खडकात रांजणखळगे होते, आपल्याकडे निघोजला कुकडी नदीत आहेत तसेच. त्या खळग्यांत पडलेले दगड पाण्याच्या भोवऱ्यात वर्षानुवर्षं फिरत राहायचे, घासून घासून लांबट गोल व्हायचे. तेच बाण. इथून ते देशभर जात. म्हणजे आपल्या देवघरातली ती गुळगुळीत वस्तू कुणा कारागिराने घडवलेली नाही. एका विशिष्ट जागी नदीने केलेलं ते काम आहे.

मी पहिल्यांदा गेलो १९९३ च्या हिवाळ्यात. बस, मग मिळेल ते वाहन, शेवटचा टप्पा पायी. खांद्यावर कॅमेरा, ट्रायपॉड आणि स्लाइड फिल्मचे चार रोल. एका रोलमध्ये ३६ चित्रं. फिल्म मुंबईहून मागवायची आणि धुवायलाही मुंबईलाच पाठवायची. खर्च इतका, की प्रत्येक वेळी बटण दाबताना हात अडखळायचा. त्यानंतर १९९६ ला आणि २००१ ला गेलो. तिन्ही वेळा मिळून बरंच काम झालं. पैकी चांगली निवडली ती अकरा चित्रं, तुम्ही पाहिलीत ती.

माणसं कशी नाहीशी होतात

आता काकूंच्या प्रश्नाकडे येतो. धबधब्याचं पाणी दुधासारखं, मलमलीसारखं दिसावं असं वाटत असेल तर शटर अर्धा सेकंद, एक सेकंद उघडं ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात खडक जागचा हलत नाही, तो स्वच्छ येतो. पाणी वाहतं, ते पांढरं होतं. आणि माणूस चालत असला तर त्याचा डाग होतो. शटर आणखी लांबवलं तर डागही उरत नाही, माणूस चित्रातून पुसलाच जातो.

म्हणून मी वाट बघायचो. घाटावर बाई धुणं धुवायला आली की थांबायचं. नाव मधे आली की थांबायचं. बाण विकायला बसणारी मंडळी पथारी मांडायच्या आत उरकायचं. एकदा एका पोराला मी स्वतः ओरडून बाजूला केलंय. उजव्या अंगाला वस्ती होती, झोपड्या आणि विजेचा एक खांब. तो खांब चौकटीत येऊ नये म्हणून मी दर वेळी दोन पावलं डावीकडे सरकायचो. याला आम्ही फोटोग्राफर लोक 'फ्रेम साफ करणं' म्हणतो. मला त्याचा अभिमान होता.

ही अडचण जुनीच आहे. आपल्या इंदूरचंच उदाहरण घेऊ. लाला दीनदयाळ मेरठजवळच्या सरधन्याचे, जन्म १८४४ चा. रुडकीच्या कॉलेजात शिकून १८६६ मध्ये ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले, आणि १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. महाराज तुकोजीराव होळकर दुसरे आणि सर हेन्री डेली (ज्यांच्या नावाचं डेली कॉलेज) यांनी त्यांना उत्तेजन दिलं. पुढे लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते मध्य भारतात हिंडले. त्यातून १८८६ साली मध्य भारतातल्या प्रसिद्ध वास्तूंचं जे पुस्तक निघालं त्यात त्यांची चित्रं आहेत. नंतर ते हैदराबादला निजामाच्या दरबारी गेले, राजा दीनदयाळ झाले आणि १९०५ मध्ये वारले. त्यांच्या जवळजवळ तीन हजार काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.

त्या काळी काचेवर ओला लेप देऊन, तो वाळायच्या आत चित्र घेऊन, तिथल्या तिथेच धुवावं लागे. त्यामुळे सोबत तंबू, रसायनं, पाणी, वाहणारी माणसं असा सगळा लवाजमा. प्रकाश द्यायला कित्येक सेकंद लागत, आणि हलणारा माणूस तेव्हाही पुसला जाई. पण दीनदयाळांची चित्रं नीट पाहा. देवळाच्या पायरीवर, कमानीखाली, भिंतीला टेकून पुष्कळदा कुणीतरी उभा किंवा बसलेला दिसतो. तो आपसूक आलेला नाही. काम चालू असताना हलू नकोस म्हणून त्याला सांगितलं असणार. एक कारण सरळ आहे : माणूस असला की वास्तूची उंची कळते. पण आज ती चित्रं बघताना आपण त्या माणसाचं पागोटं बघतो, अंगरखा बघतो, पायात काय आहे ते बघतो. मापासाठी उभा केलेला माणूसच आता माहिती देतो.

थोडक्यात काय, तंत्राची अडचण त्यांना होती तशीच मला होती. त्यांनी माणसाला थांबवलं. मी त्याला जायला सांगितलं.

जी तारीख मी टाळली

धाराजीला भुतडी अमावास्येला मोठा मेळा भरायचा. आपल्या पंचांगात ती फाल्गुनातली अमावास्या, गुढीपाडव्याच्या आदली. इकडच्या पंचांगात ती चैत्रातली. मी तीन वेळा गेलो तो कायम हिवाळ्यात. मेळ्याला गर्दी असते, धूळ उडते, रानभर चुली पेटतात, 'काही मिळत नाही' म्हणून ती तारीख मी टाळलीच.

७ एप्रिल २००५ च्या रात्री त्याच मेळ्यासाठी लाखो लोक नदीत आणि काठावर होते. वरच्या इंदिरा सागर धरणातून सोडलेलं पाणी अचानक आलं. साठाहून जास्त माणसं वाहून गेली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात धाराजीचं नाव वाचलं तेव्हा मी कपाट उघडून माझी अकरा चित्रं काढली. लोक कुठे उतरत असतील, कुठे झोपले असतील, नदी ओलांडायची वाट कोणती, यातलं काहीही त्यात दिसत नव्हतं. ज्या जागेचा मी जाणकार म्हणवत होतो तिथल्या सगळ्यात मोठ्या दिवसाचं एकही चित्र माझ्याकडे नव्हतं.

त्यानंतर दोनेक वर्षांतच खालच्या बाजूला ओंकारेश्वरचं धरण भरू लागलं आणि धाराजी पाण्याखाली गेलं. धबधबा, रांजणखळगे, घाट, सगळंच. आज तिथे जलाशयाचं सपाट पाणी आहे, आणि नदी आता तिथे बाण घडवत नाही.

भिंतीवरचा हात

२०१२ मध्ये इंदुरात माझं छोटं प्रदर्शन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारे गृहस्थ मुलाला घेऊन आले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. धाराजीच्या मोठ्या चित्रापुढे ते बराच वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, "बाबूजी, ये तो अपना धाराजी है। पर हमारी बस्ती किधर है?"

मी म्हटलं, जरा उजवीकडे, चित्रात आली नाहीये.

त्यांनी चौकटीच्या बाहेर, कोऱ्या भिंतीवर तळहात ठेवला. "यहाँ?"

मी हो म्हटलं. ते काही रागावले नाहीत. चहा घेतला, "बढ़िया है" म्हणाले, मुलाने माझा नंबर लिहून घेतला आणि ते गेले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

आमच्याकडे शेवेचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे. त्यात मी बाद स्लाइड्स टाकत असे. कुठे हात हललेला, कुठे प्रकाश चुकलेला, आणि मुख्य म्हणजे जिथे 'मधे काहीतरी आलं' ती सगळी चित्रं. टाकून द्यायला जीव होत नसे, एवढंच. डबा काढला. बऱ्याच स्लाइड्सना बुरशी लागलेली. धाराजीच्या एकोणीस निघाल्या.

एकीत पथारीवर बाण मांडलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने, आणि विकणाऱ्याचा नुसता हात. एकीत नाव. एकीत हंडा घेतलेली बाई, चेहरा वळवलेला. एकीत ते पळणारं पोर, डागच आहे, पण पोर आहे एवढं कळतं. दोन चित्रांत उजव्या कोपऱ्यात झोपड्या, तो विजेचा खांब आणि घाटाच्या चार-पाच पायऱ्या. आणि एकीत खडकावर पांढऱ्या रंगात लिहिलेले आकडे, मोजणीवाल्यांनी केलेली खूण. ते मला तेव्हा इतकं विद्रूप वाटलं होतं, की पुढच्या चित्रात मी दगडाच्या त्या बाजूला पाठ करून उभा राहिलो.

सातांचे प्रिंट काढून ठेवले. मुलाचा फोन आला तेव्हा पाठवून दिले. महिन्याने त्याने कळवलं : हंडेवाली त्याची काकू, आता हयात नाही, तिचा दुसरा फोटो घरात नाही. झोपड्यांपैकी त्यांची कुठली ते वडिलांनी ओळखलं. घाट मात्र त्या पायऱ्यांपुरताच मिळाला. पूर्ण घाट माझ्याकडे नाही, आणि आता कुणी काढूही शकत नाही.

मग काढायचं काय?

देखणी चित्रं काढूच नयेत असं माझं म्हणणं नाही. जबलपूरचे अमृतलाल वेगड नर्मदेच्या काठाने पायी हिंडले, पन्नाशीच्या उंबरठ्यावर सुरुवात करून. त्यांच्या रेखाटनांत न्हाणाऱ्या बायका, साधू, परकम्मावासी, ओझी घेतलेली माणसं, सगळं आहे, आणि नदी कुठे कमी सुंदर दिसत नाही. म्हणजे सौंदर्य आणि माणसं यांचं वैर मीच मानलं होतं.

आपल्या मंडळातली तरुण मुलं आता मोबाइलवर रोज शेकड्याने फोटो काढतात. त्यांना तीनच गोष्टी सांगेन. सुंदर चित्र काढून झालं की तिथेच उभं राहून चारही दिशांची चार साधी चित्रं काढा, तारा, खांब, टपरी, जे असेल ते येऊ द्या. एखाद्या माणसाला विचारून चौकटीत उभं करा आणि त्याने जागेबद्दल सांगितलेलं लिहून घ्या. तारीख, वेळ, कुठे उभे होतात, तोंड कुठल्या दिशेला, याची वही ठेवा. माझ्या एकोणीसपैकी सहा स्लाइड्सचं साल मला आज सांगता येत नाही.

आणि एक काम लगेच करण्यासारखं आहे. रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांची समाधी नर्मदेच्या काठावर आहे. २८ एप्रिल १७४० ला ते तिथेच गेले. महेश्वर धरणाच्या पाण्याचा धोका तिला असल्याची चर्चा आपण किती वर्षं ऐकतोय. समाधीचे फोटो ढीगभर सापडतील, पण सगळे समोरून, मोकळ्या आभाळाखाली. भोवतीचं गाव, नदीकडे जाणारी वाट, तिथे दिवा लावणारी माणसं यांचे किती आहेत?

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपण जातोय. सकाळी सहाला निघायचं, डबा आपापला. वही आणि मोजपट्टी मी आणतो. काकूंनी यायचं कबूल केलंय. पहिल्या चित्रात त्यांनाच उभं करणार आहे.