आग्वादचा मनोरा

काही वर्षांपूर्वी मी आग्वादच्या किल्ल्यावर गेलो होतो. मांडवीच्या मुखाशी पोर्तुगीजांनी तो 1612 साली बांधला, मुख्यतः डचांच्या धास्तीने. तेथील दीपगृहाचा मनोरा 1864 चा. त्याचा दिवा 1976 साली कायमचा विझला. मनोऱ्यापाशी उभे राहिले की नजर आपोआप समुद्राकडे जाते. परंतु नोव्हेंबर 1683 मध्ये त्या सत्तेला जबर हादरा बसला तो पाठीमागून, खुष्कीच्या बाजूने. संभाजी महाराजांनी जुवे बेटाचा कोट घेतला. पुढल्याच वर्षी जूनमध्ये व्हाइसरॉयचे फर्मान निघाले: प्रजेने तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. समुद्रावर पहारा ठेवणाऱ्यांना आता घरातल्या बोलीचीही धास्ती वाटू लागली होती!

किल्ला उतरून मी सिंकेरीच्या किनाऱ्याने चालू लागलो. होडी वर ओढणारे दोघे कोळी मोठमोठ्याने कोकणीत बोलत होते. जन्मभर भाषा शिकवलेला मी क्षणभर थबकलो. फर्मान विरले, दिवाही विझला. बोली मात्र टिकली, कारण ती घराघरांत बोलली गेली. आपल्या शाळेतील मराठीलाही याहून निराळा आधार नाही.