फुलोऱ्यात मोडायचं पीक

सहाव्या शतकात अवंतीच्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त झाडांच्या निगराणीवर एक अध्याय लिहिला. बाग लावण्याआधी भुईत तीळ पेरावेत आणि फुलले की तिथेच मोडावेत. जमिनीचं पहिलं काम हेच, असं तो सांगतो. तेलाचं पीक ऐन फुलावर असताना मोडायचं! शेतकऱ्याच्या जिवावर येणारा हा सल्ला मला म्हणूनच फार मोठा वाटतो. त्याच शतकात चीनमध्ये जिया सिश्ये हा शेतीवरचा ग्रंथकार जमीन सुधारण्यासाठी पेरायच्या पिकांत मुगाला पहिला मान देतो. तीळ त्याच्याही यादीत आहेत. या दोघांच्या कितीतरी आधी ग्रीक विद्वान थिओफ्रास्टसने मॅसेडोनिया-थेसलीतले शेतकरी फुलावरचा बाकला नांगरून गाडतात, अशी नोंद केली होती.

फुलोराच का? तोवर पाला भरपूर आणि खोड कोवळं असतं. पुढे पानातला नत्र दाण्यात जातो, खोड जून होतं. ते कुजवताना जीवाणू जमिनीतलाच नत्र ओढतात. आपल्याकडे ताग-धैंचा पेरणीनंतर साधारण ४५ ते ५० दिवसांनी गाडतात, ते यासाठीच.

मूग आणि तीळ यांच्यातला फरक मात्र १८८६ साली उलगडला. द्विदल पिकं मुळांवरच्या गाठींतल्या जीवाणूंमुळे हवेतला नत्र वापरतात, हे जर्मनीत हेलरीगेल या शास्त्रज्ञाने दाखवलं. तिळाला ते साधत नाही. पण १९१३मध्ये जर्मनीतच ओपाऊच्या कारखान्यात हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनू लागला आणि पुढे नत्र गोणीतून मिळू लागला. कोरडवाहू शेतकऱ्याने दीड महिना रान आणि पावसाची ओल अशा पिकावर घालवायची, ज्याचा एक रुपया हाती येत नाही. त्याने ताग सोडला तर त्याला दोष देववत नाही.

१९७२मध्ये ब्राझीलच्या पाराना राज्यात पावसाने वाहून जाणारी माती पाहून हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्याने नांगरटच थांबवली. पुढे तिथे दोन पिकांमध्ये काळा ओट पेरून, आडवा पाडून, त्याच आच्छादनात सोयाबीन पेरण्याची रीत रुळली. पीक आता गाडायचं नव्हतं, अंथरायचं होतं. कोल्हापूरचे शेतकरी-लेखक प्रताप चिपळूणकर यांनी तर फुलोऱ्याच्या नियमालाच हात घातला. कोवळा पाला झटकन कुजून संपतो, टिकाऊ सेंद्रिय कर्ब जून, चिवट अवशेषांतून आणि जमिनीत राहिलेल्या मुळांतून मिळतो, असं ते मांडतात. मला दोन्ही पटतं. पुढच्या पिकाला लगेच नत्र हवा असेल तर कोवळं मोडावं; उतरलेला कर्ब वाढवायचा असेल तर जून होऊ द्यावं.